‘पॅकिंग’ आणि ‘गॅसकिट’ : दहिसर परिसरातील स्कूटर-इंजिनांच्या पुनर्बांधणीतील दोन शब्दांचा इतिहास

धातूचे दोन पृष्ठभाग कितीही घासून सपाट केले तरी ते एकमेकांस सर्वांगाने चिकटत नाहीत. मधे राहणाऱ्या सूक्ष्म फटींतून वाफ, तेल, हवा किंवा जळालेला वायू वाट काढतो. ती वाट बंद करण्यासाठी दोन्ही पृष्ठभागांच्या मधे एखाद्या नरम पदार्थाचा पातळ थर ठेवून वरून बोल्ट आवळतात. इंजिन बनविणाऱ्या कारखान्याच्या सुट्या भागांच्या यादीत अशा सर्व थरांना एकच नाव असते, ते म्हणजे गॅस्केट. दहिसरच्या गॅरेजांत मात्र त्यांना दोन नावे आहेत. कागदाचा किंवा पुठ्ठ्याचा थर असेल तर ते ‘पॅकिंग’; तांब्याचा, पत्र्याचा किंवा अ‍ॅस्बेस्टॉसचा, विशेषतः सिलिंडरच्या डोक्याखालचा असेल तर ते ‘गॅसकिट’. इंजिन पुन्हा बांधताना यांपैकी कोणता थर कोणत्या पदार्थाचा व किती जाडीचा घ्यावा हा प्रश्न कारागिरापुढे प्रत्येक वेळी येतो. त्याचे उत्तर तो बहुतेक वेळा हाताला लागलेल्या सवयीने देतो, आणि त्या सवयीवर ह्या दोन शब्दांचा किती पगडा आहे हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

लेखक यंत्रशास्त्राचा अभ्यासक नाही. भाषाशास्त्राच्या मार्गाने तो ह्या विषयाकडे वळला आणि त्याचे कारण घरगुती आहे. त्याचा उल्लेख पुढे यथास्थळी येईलच.

प्रथम शब्दांची कुळकथा पाहू. ‘गॅस्केट’ हा मूळचा गलबतावरचा शब्द. गुंडाळलेले शीड डोलकाठीच्या आडव्या वाशाला बांधून ठेवण्याची जी आखूड दोरी, तिला इंग्रज खलाशी सतराव्या शतकात ह्या नावाने ओळखीत. बारीक दोरी ह्या अर्थाच्या ‘गार्सेत’ ह्या फ्रेंच शब्दाशी तिचे नाते बहुतेक कोशकार जोडतात. वाफेची यंत्रे आली तेव्हा दट्ट्या व सिलिंडर यांच्यामधली फट बुजविण्याचा प्रश्न उभा राहिला. न्यूकमेनच्या १७१२ च्या यंत्रात दट्ट्याभोवती चामड्याची चकती असे व तिच्यावर पाण्याचा थर ठेवीत. जेम्स वॉटने १७६९ च्या आपल्या पेटंटात पाण्याऐवजी तेल, मेण, राळ व प्राण्यांची चरबी सुचविली, आणि पुढे चरबीत भिजविलेल्या तागाच्या पेडांची वेणी दट्ट्याभोवती ठासून भरण्याची रीत रूढ झाली. ठासून भरण्याची क्रिया म्हणून ती ‘पॅकिंग’, आणि भरावयाची वस्तू दोरीच असल्यामुळे ती ‘गॅस्केट’. म्हणजे इंग्रजीत एके काळी हे दोन्ही शब्द जवळजवळ एकाच वस्तूचे वाचक होते. त्यांची फारकत पुढे झाली, आणि मुंबईत ती इंग्रजीपेक्षा निराळ्या रेषेवर झाली.

मुंबईत वाफेचे युग पाठोपाठ दोन दारांनी आले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, आणि १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेव येथे कापडगिरणीचा पाया घातला. गिरणीच्या इंजिनघरात व रेल्वेच्या कारखान्यात फिटरचा हात पहिल्याने लागला तो पॅकिंगला. दांड्याभोवतीचे पॅकिंग सैल पडले की वाफ फुसफुसते, ते पुन्हा भरावे लागते आणि ते हाताने, अंदाजाने व वारंवार करावयाचे काम आहे. ‘पॅकिंग’ हा शब्द मराठी कारागिराच्या तोंडी आला तो अशा कामाचे नाव म्हणून. त्यामुळे त्याच्या अर्थात तीन छटा मुरल्या असे मला वाटते. ही वस्तू स्वस्त आहे, ती जागच्या जागी कापून घेता येते, आणि ती बिघडली तर नुकसान थोडे होते. आजही कारागीर ‘पॅकिंग कापतो’ आणि ‘गॅसकिट आणतो’. पहिले हाताचे काम, दुसरी बाजारातली खरेदी.

‘गॅसकिट’ हे रूप मोटारींबरोबर आले. १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कुर्ल्याचा कारखाना, त्यातून पुढे निघालेल्या फियाट, आणि १९५४ पासून आलेले टाटा-मर्सिडीझचे ट्रक ह्या सर्वांची इंजिने चार फेऱ्यांची होती. अशा इंजिनात सिलिंडरचे डोके व ठोकळा यांच्यामधला थर हा सगळ्यांत नाजूक. एका बाजूने स्फोटाचा दाब, दुसऱ्या बाजूने थंड करणारे पाणी, आणि तिसरीकडून तेलाच्या वाटा. तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असलेला हा थर कारखान्यातूनच तयार येई व महाग असे. तो निकामी झाला की पाणी तेलात मिसळे आणि गाडी रस्त्यात उभी राही. त्याच इंजिनाच्या बाजूच्या झाकणाखालचे कागदी पॅकिंग फाटले तर काय होई? फार तर तेलाचे थेंब जमिनीवर पडत. गॅसकिट व पॅकिंग यांतील उच्चनीचभाव ह्या इंजिनापुरता अगदी यथार्थ होता.

क्रियापदांतही तो भाव उतरला आहे. गॅसकिट ‘उडते’, पॅकिंग ‘गळते’ किंवा ‘फाटते’. ‘उडणे’ ह्या प्रयोगामागे इंग्रजी प्रयोगाची सावली असेलही, परंतु दिवा उडतो, फ्यूज उडतो अशी घरची उदाहरणे असल्यामुळे तो मराठीत परका वाटत नाही. उडणे ही एका क्षणाची घटना, तर गळणे ही संथ व सोसण्याजोगी. गळके छप्पर घेऊन माणूस दोन पावसाळे काढतो.

ट्रकच्या कामावर शिकलेला हा शब्दसंच घेऊन दहिसरचा कारागीर स्कूटरकडे वळला. ह्या ठिकाणाचा थोडा विचार येथे केला पाहिजे. मुंबई महापालिकेची हद्द १९५० मध्ये पूर्वेकडे भांडुपपर्यंत वाढली आणि १९५७ मध्ये पश्चिमेकडे दहिसरपर्यंत व पूर्वेकडे मुलुंडपर्यंत आली. हद्द आली तेथे जकात नाका आला, आणि नाका आला तेथे थांबलेल्या ट्रकांच्या रांगा आल्या. २०१७ मध्ये जकात रद्द झाली, तरी नाक्याच्या आसपासची वस्ती व तिच्या तोंडातले शब्द राहिले. मला भेटलेले वयस्क कारागीर आपला गुरू सांगताना बहुधा एखाद्या ट्रक-फिटरचे नाव घेतात. स्कूटर त्यांच्याकडे नंतर आली. ती आली मात्र जवळूनच. भांडुपच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ह्या कंपनीने मिलानच्या इनोचेंतीची लॅम्ब्रेटा येथे जुळवावयास व पुढे बनवावयास घेतली. व्हेस्पा बजाजकडून आली. तिच्या उत्पादनाचा परवाना बजाजला १९५९ मध्ये मिळाला. ह्या दोन्ही स्कूटरी दोन फेऱ्यांच्या इंजिनांच्या होत्या.

येथे शब्द आणि यंत्र यांची जोडी सुटली. दोन फेऱ्यांच्या इंजिनात दट्ट्याच्या खालची पेटी ही नुसती तेलाची टाकी नसते. दट्ट्या वर जाताना त्या पेटीत पोकळी निर्माण होते व कार्बुरेटरमधून पेट्रोल, तेल व हवा यांचे मिश्रण आत ओढले जाते. दट्ट्या खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन वर ढकलले जाते. ही पेटी म्हणजे इंजिनाचा भाताच होय. तिच्या एखाद्या सांध्यात, उदाहरणार्थ सिलिंडरच्या बुडाशी किंवा मॅग्नेटोच्या बाजूच्या फ्लँजपाशी, केसाएवढी फट राहिली तर त्या फटीतून जास्तीची हवा आत शिरते. ह्या हवेवर कार्बुरेटरची हुकमत नसते. मिश्रणात पेट्रोल कमी पडते, ज्वलन तापट होते, आणि पेट्रोलबरोबरच येणारे वंगणाचे तेलही कमी पडते. दट्ट्या तापतो, फुगतो आणि सिलिंडरला पकडतो. वेगात असताना असे झाले की मागचे चाक जागीच अडते.

म्हणजे ह्या इंजिनात सर्वांत धोक्याचा थर आहे तो बुडाचा कागद, ज्याला परंपरेने पॅकिंग म्हटले आणि ज्याची किंमत चहाच्या एका पेल्याइतकीही नसते. डोक्याखालचे गॅसकिट उडाले तर आवाज होतो, दम कमी होतो व स्वार थांबतो. काही स्कूटर-इंजिनांत तर डोक्याखाली थर नसतोच, धातूवर धातू बसतो. परंतु बुडाचा कागद निकामी झाल्याचे सांगावयास भाषेकडे शब्दच नाही. ‘गळणे’ म्हणजे आतले बाहेर येणे. बाहेरचे आत जाणे ह्यास आपण गळणे म्हणत नाही. ‘इंजिन हवा ओढते’ असा प्रयोग काही जाणते कारागीर करतात, पण तो पॅकिंगला लागत नाही, इंजिनाला लागतो. ज्याचे थेंब पडत नाहीत ते गळत नाही, आणि जे गळत नाही ते ठीक आहे, असा हा अनुमानाचा क्रम आहे. माझ्या मते दोन फेऱ्यांच्या इंजिनांच्या पुनर्बांधणीत ज्या चुका पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या त्यांपैकी पुष्कळशांचे मूळ ह्या अनुमानात सापडेल.

ह्याला विरोधी असा एक पुरावा मान्य केला पाहिजे. पेटीतला दाब आळीपाळीने कमी-जास्त होतो, त्यामुळे सदोष सांध्यातून थोडे तेलकट मिश्रण बाहेरही फेकले जाते. सिलिंडरच्या बुडाशी काळपट ओलसर कडा दिसते ती त्याची खूण. चांगला कारागीर ती पाहतो. पण हातभर तेल गळणाऱ्या ट्रकांवर ज्याची नजर तयार झाली त्याला ही कडा म्हणजे काहीच नव्हे.

आता घरगुती कारणाकडे वळतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तुळशी तलावाच्या बाजूने राष्ट्रीय उद्यानातून उतरणारी दहिसर नदी काठ सोडून वस्तीत शिरली. आमच्या इमारतीच्या तळाशी वडिलांची जुनी लॅम्ब्रेटा उभी होती, ती हँडलपर्यंत पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर परिसरातल्या प्रत्येक गॅरेजापुढे स्कूटरी व रिक्षा यांची रांग लागली. बुडालेले इंजिन किक मारून सुरू करू नये, कारण पाणी दाबले जात नाही व जोरदांडा वाकतो. एवढे ज्ञान बहुतेकांना होते. इंजिन खोलून गाळ काढला. खोलताना जुने कागद फाटलेच, पाण्याने फुगलेला कागद पुन्हा बसत नाही.

गर्दी इतकी होती की तयार संच मिळेना. कारागिराने भिंतीवरचे गुळगुळीत कागदाचे कॅलेंडर घेतले, सिलिंडरच्या बुडावर ठेवले, गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोके देत पॅकिंग कापले आणि दोन्ही बाजूंस सिलिकोनचा भरपूर लेप दिला. ठोके देऊन कापण्याची ही कला पाहण्यासारखी असते, हे त्या प्रसंगानंतरही मला म्हणावेसे वाटते. कडेच्या धारेवर कागद आपोआप तुटतो, आणि बोल्टाच्या भोकांसाठी बेअरिंगमधली गोळी ठेवून तिच्यावर एक ठोका देतात. दहा दिवसांनी महामार्गावर, उद्यानाच्या फाटकाच्या पुढे, वडील मागे बसलेले असताना इंजिनाने पकड घेतली. मागचे चाक घासत आम्ही कडेला गेलो. मागून येणाऱ्या टेंपोच्या चालकाने वेळीच गाडी वळविली म्हणून हा निबंध लिहावयास मी आहे.

इंजिन पुन्हा खोलले तेव्हा तिन्ही दोष दिसले. कॅलेंडरचा चकचकीत कागद तेल शोषून नरम पडला नव्हता, तो चिरला होता. पेट्रोलच्या सान्निध्यात सिलिकोन फुगून सुटले होते आणि त्याचा एक तुकडा आतल्या वाटेत अडकला होता. आणि नवा कागद जुन्यापेक्षा जाड की पातळ हे कोणी मोजलेच नव्हते.

ह्या तिसऱ्या गोष्टीचे महत्त्व आकड्यांनी स्पष्ट होईल. लॅम्ब्रेटाच्या दीडशे वर्गातील इंजिनाचा व्यास ५७ मिलिमीटर व दट्ट्याची धाव ५८ मिलिमीटर, म्हणजे घनफळ १४८ घनसेंटिमीटर. दाबाचे प्रमाण ७ धरले तर वरची पोकळी सुमारे २४.७ घनसेंटिमीटर होते. थराची जाडी अर्ध्या मिलिमीटरने वाढली की पोकळीत १.३ घनसेंटिमीटरची भर पडते व प्रमाण ६.७ वर येते. एक मिलिमीटरने वाढली तर ते ६.४ वर येते. मग स्कूटर चढावर दम टाकते. डोक्याखालचा थर बदलला तर परिणाम एवढ्यावरच थांबतो. बुडाचा थर जाड केला तर सगळा सिलिंडरच वर उचलला जातो आणि त्याच्या भिंतीतली द्वारे दट्ट्याच्या मानाने सरकतात. बाहेर सोडणारे द्वार लवकर उघडते व अधिक वेळ उघडे राहते. दट्ट्याच्या खालच्या कडेने उघडणारे आत घेण्याचे द्वार असेल तर ते उशिरा उघडते. उलट थर फार पातळ केला तर दट्ट्या डोक्याला लागण्याची भीती. म्हणून जाणता कारागीर दट्ट्याच्या माथ्यावर कथलाची तार ठेवतो, डोके आवळून क्रँक एकदा फिरवितो व चेपलेल्या तारेची जाडी मोजतो. ही रीत जुनी, बिनखर्चाची आहे आणि तिला बाजारात नाव नाही.

पदार्थांच्या निवडीत दोन शब्दांचा प्रवास मोठा मनोरंजक आहे. सिलिकोन येण्यापूर्वी कागदाला ‘शेलाक’ लावीत. संस्कृत ‘लाक्षा’पासून आलेली आपली ‘लाख’ इंग्रजीत गेली, पातळ पापुद्र्यांची लाख ह्या अर्थाने ‘शेल’ हा शब्द जोडून घेऊन परत आली, आणि आता डबीवरचे इंग्रजी नाव वाचणाऱ्या कारागिराला ती बांगड्यांच्या लाखेची बहीण आहे हे आठवत नाही. दुसरा शब्द ‘वायसर’. इंग्रजी ‘वॉशर’चे हे रूप आता इतके मुरले आहे की शुद्ध उच्चार केल्यास दुकानदार पुन्हा विचारतो. तांब्याचे वायसर व तांब्याचे गॅसकिट पुन्हा वापरता येते, मात्र दाबाने कडक झालेले तांबे लाल होईपर्यंत तापवून नरम करावे लागते. कागदाला ही सवलत नाही.

अ‍ॅस्बेस्टॉसचा विषय मात्र मनोरंजक नाही. घाटकोपर येथे हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना ब्रेकची अस्तरे बनवी व त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असे. गॅसकिटांतही हाच तंतू होता, कारण उष्णता सोसून दाबाखाली नरम राहणारा इतका स्वस्त पदार्थ दुसरा नव्हता. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर निर्णय देताना कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या प्रारंभापासून किमान चाळीस वर्षे अथवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांतील जे नंतर येईल तोवर ठेवावी, आणि फुप्फुसाचा रोग सिद्ध झाल्यास एक लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश दिला. हा आदेश कारखान्यांच्या व त्यांतील कामगारांच्या संदर्भात होता. जुने गॅसकिट पात्याने खरवडून, तोंडाने फुंकर मारून साफ करणारा नाक्यावरचा पोऱ्या कोणत्याही हजेरीपटावर नाही आणि त्याच्या आरोग्याची नोंद कोणी ठेवीत नाही. जुने इंजिन उघडताना आत कोणता तंतू आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. तेव्हा तो थर पाण्याने किंवा तेलाने भिजवून ओला असतानाच उचलावा, फिरत्या तारेच्या ब्रशने घासू नये, फुंकू नये. नव्या संचात अ‍ॅस्बेस्टॉसविरहित पर्याय मिळत असेल तर दोन रुपये जास्त द्यावेत. शास्त्रीय निबंधात असा उपदेश शोभत नाही, पण तो मी गाळू शकत नाही.

दोन फेऱ्यांच्या इंजिनाचे हे मर्म हवामान बदलले तरी बदलत नाही, उलट तीव्र होते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात बोंबार्दिए कंपनीने १९५९ मध्ये बर्फावरून धावणारे ‘स्की-डू’ हे छोटे वाहन बाजारात आणले. ह्या जातीच्या वाहनांत दोन फेऱ्यांचीच इंजिने दीर्घकाळ चालत आली. अतिथंड हवा घन असते, म्हणून त्याच घनफळात ती अधिक शिरते आणि मिश्रण मुळातच पातळ होते. त्यात बुडाच्या सांध्यातून थोडीशी हवा ओढली गेली की दट्ट्या पकडण्यास वेळ लागत नाही. सियाचीनवर वापरल्या जाणाऱ्या अशा वाहनास आपल्या सैन्यात ‘स्नो स्कूटर’ म्हणतात. वाहनाला ना चाके ना स्कूटरचा आकार, तरी नाव देणाऱ्याने इंजिनाची जात अचूक पकडली असे वाटून मला ह्या शब्दाचे कौतुक वाटते. नाव पडले ते बहुधा अन्य कारणाने.

‘गॅसकिट’ ह्या शब्दाचे पुढे काय झाले तेही नोंदविले पाहिजे. ‘गॅस्केट’चे ‘गॅसकिट’ होण्यात लोकव्युत्पत्तीचा हात उघड आहे. गॅस अडविणारे व संचातून मिळणारे ते गॅसकिट, असा अर्थ लावणे सोपे होते. पुढे मुंबईच्या रिक्षा व टॅक्सी सीएनजीवर आल्या आणि ‘गॅस किट’ ही खरीच एक वेगळी वस्तू गाडीत बसू लागली. एका शब्दावर दोन अर्थांचे ओझे आले. त्यामुळे रिक्षावाल्यांशी बोलताना तरुण कारागीर आता ‘हेड पॅकिंग’ म्हणू लागले आहेत. म्हणजे उच्च पदावरचे गॅसकिट नाव सोडून पॅकिंगच्या पंक्तीला येत आहे. परंतु तोपर्यंत दोन फेऱ्यांची स्कूटरच रस्त्यावरून मागे हटली. इनोचेंतीची यंत्रसामग्री १९७२ मध्ये विकत घेऊन लखनौस उभारलेल्या स्कूटर्स इंडियाने १९९७ मध्ये स्कूटरी बनविणे थांबविले, आणि २००९ च्या अखेरीस बजाजनेही स्कूटर बंद करण्याचे जाहीर केले. बुडाच्या कागदाचे महत्त्व सांगणारा शब्द भाषेला सापडण्यापूर्वीच त्याची गरज बरीचशी संपली.

आमच्या लॅम्ब्रेटाचे इंजिन तिसऱ्यांदा बांधले ते एका वृद्ध कारागिराने. ऑपेरा हाउसच्या बाजारातून लखनौच्या ‘विजय सुपर’चा संच आणला, कारण दोघींच्या सिलिंडरची बैठक एकाच कुळातली. त्यातला बुडाचा कागद त्याने जुन्याच्या न दबलेल्या कोपऱ्याशी बोटांच्या चिमटीत पडताळून पाहिला, मग सूक्ष्ममापकाने मोजला. दोन्ही पृष्ठभाग काचेवर ठेवलेल्या बारीक पॉलिशकागदावर आठाच्या आकारात फिरवून साफ केले. कागदाला सिलिकोन लावले नाही, नुसते तेलाचे बोट फिरविले. बोल्ट कर्णाकर्णाने तीन टप्प्यांत आवळले. इंजिन सुरू झाल्यावर बुडाभोवती साबणाचे पाणी सोडून बुडबुडे येतात का ते पाहिले आणि रेस सोडल्यावर इंजिन लगेच खाली येते की नाही ते कान देऊन ऐकले. शंभर किलोमीटरनंतर प्लग काढून दाखवावयास सांगितले होते. तो पांढरा पडला नव्हता, विटकरी तपकिरी निघाला.